पॉइंटच्या मागची वायर

मार्च उजाडला की पुण्याच्या वारज्यात एसी बसवणाऱ्यांच्या फोनवर एक प्रश्न सारखा ऐकू येतो : "पॉइंट आहे ना?" पत्ता आणि मजला त्यानंतर. समोरून "आहे" असं उत्तर आलं की विजेचा विषय मिटला. मग बोलणं वळतं आउटडोअर कुठे टांगायचा, पाइप किती फूट लागेल, ब्रॅकेट कोण आणणार, याकडे. या कामात वर्षं घालवलेल्या कोणालाही ही दोन-तीन शब्दांची तपासणी ओळखीची आहे. घरगुती एसीच्या बाबतीत विजेची जी काही छाननी होते ती बहुतेक वेळा एवढीच. पॉइंट म्हणजे भिंतीवरचं सोळा अँपिअरचं सॉकेट. त्याच्या मागची वायर दीड चौरस मिलिमीटरची आहे की चारची, ती डीबीपर्यंत, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीपर्यंत, एकटी जाते की वाटेत गिझरला भेटून जाते, अर्थची हिरवी तार खरंच जमिनीपर्यंत पोचते की बोर्डाच्या डब्यातच वेटोळं करून ठेवली आहे, यातलं काहीही सॉकेटच्या चेहऱ्यावरून कळत नाही. एसी फिटरला विजेचा परवाना सक्तीचा करावा का, असा वाद अधूनमधून निघतो. तो वाद निरर्थक नाही, पण त्याची सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते असं मला वाटतं. माणसाच्या प्रमाणपत्राआधी त्या पॉइंटचं प्रमाणपत्र हवं, आणि ते सहीचं नव्हे तर मोजलेल्या आकड्यांचं हवं.

कायदा काय म्हणतो हे आधी पाहू, कारण "घरातल्या कामाला कुठला आलाय कायदा" ही समजूत ग्राहकांइतकीच फिटरांमध्येही पक्की आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम, २००३ च्या विद्युत कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणलेल्या सुरक्षाविषयक विनियमांतला २९ वा विनियम, आणि त्यांची जागा घेणारे २०२३ चे विनियम, या सगळ्यांत एकच धागा आहे. ग्राहकाच्या जागेतलं वीजमांडणीचं काम, त्यात भर घालणं, बदल करणं, दुरुस्ती करणं, हे राज्य सरकारची अनुज्ञप्ती असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं. सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक माणसाच्या हातून. याला एक अपवाद आहे, आणि सगळा धंदा त्या अपवादात राहतो. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलायला परवानाधारक लागत नाही. पण या सवलतीला एक शेपूट आहे : त्या बदलाने मांडणीची क्षमता आणि स्वरूप यांत काहीही फरक पडता कामा नये. जुना एसी काढून तेवढाच नवा त्याच चांगल्या लाइनवर लावला तर ते उपकरण बदलणं झालं. जिथे एसी कधी नव्हताच तिथे नवी लाइन ओढली, किंवा ट्यूबलाइट-पंख्याच्या लाइनवर दीड टनाचं मशीन चढवलं, तर मांडणीचं स्वरूप बदललं. म्हणजे एकच काम एका घरात कायद्याबाहेर असतं, शेजारच्या घरात कायद्याच्या आत. आपण रेषेच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हे ठरवायला पॉइंटच्या मागे काय आहे ते मोजावंच लागतं. मोजायच्या आधीच काम सुरू होतं, आणि नियम तिथेच निसटतो.

वारज्यात हे निसटणं जरा जास्त दिसतं, त्याला गावाची घडण कारण आहे. १९९७ मध्ये वारजे पुणे महापालिकेत आलं. त्याच्या आगेमागे माळवाडी, पॉप्युलरनगर, अतुलनगर या भागांत चार-चार मजली इमारती उठल्या. मुठेचा काठ, खडकवासल्याकडून येणारा वारा आणि तेव्हाचं पुणं. बेडरूममध्ये एसी लागेल असं बिल्डरला वाटलं नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. हॉलमध्ये एक टीव्ही, स्वयंपाकघरात फ्रिज आणि मिक्सर, बाथरूममध्ये गिझर, एवढा हिशोब धरून वायरी ओढल्या गेल्या. आता महामार्गाच्या बाजूच्या खिडक्या धुळीने आणि ट्रकांच्या आवाजाने उघडता येत नाहीत, २०१९ च्या एप्रिलअखेर शिवाजीनगरचा पारा ४३ अंशांवर गेला होता, आणि त्याच इमारतींच्या ग्रिलवर आउटडोअरच्या रांगा लागल्या आहेत. भिंतीच्या बाहेर सगळं बदललं, आतली वायर तीच राहिली. नव्या टॉवरमध्ये प्रत्येक खोलीला एसीची वेगळी लाइन दिलेली असते. गंमत म्हणजे विजेची काळजी जिथे सर्वांत कमी लागते तिथले ग्राहकच सर्वांत जास्त चौकशी करतात.

"गिझर चालतो ना त्या पॉइंटवर, मग एसी का नाही चालणार?" हा आक्षेप मला मूर्खपणाचा वाटत नाही. दोन किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, दीड टनाचा बरा एसी भर उन्हाळ्यात सात-आठ अँपिअर. आकड्यात गिझरच मोठा. फरक वेळेचा आहे. गिझर दहा-पंधरा मिनिटांत थांबतो, वायर आणि सॉकेट निवतात. एसी रात्री दहाला लागतो आणि सकाळी सहाला बंद होतो. इन्व्हर्टरवाला असला तर खोली गार झाल्यावर ओढ कमी करतो हे खरं, पण मे महिन्यात वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असताना त्याला तशी उसंत कमीच मिळते. आता सॉकेटच्या मागे एक स्क्रू थोडा सैल आहे असं धरू. त्या सैल जोडाचा विरोध अर्धा ओहम. आठ अँपिअर वाहिले तर तिथे बत्तीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री साधारण पंचवीस वॅटची असते. म्हणजे डाग देण्याच्या इस्त्रीपेक्षा गरम असं टोक प्लॅस्टिकच्या डब्यात, उशाशी, रात्रभर. त्या जोडावर व्होल्टेज घसरतं फक्त चार व्होल्टने, तेव्हा एसी नीट चालतो आणि कोणाला काही जाणवत नाही. सॉकेट पिवळं पडणं, प्लग हाताला चटका देणं ही त्याची पहिली चिठ्ठी. ती वाचायची सवय आपल्याला नाही.

"एमसीबी आहे की," हे पुढचं उत्तर तयार असतं. एमसीबी काय पाहते? आपल्यातून जाणारा प्रवाह ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला का, एवढंच. सैल जोडात प्रवाह वाढत नाही, म्हणून ती स्वस्थ बसते. बारीक वायरवर एकाच वेळी जास्त भार चढला तर मात्र ती वायर वाचवण्यासाठी वारंवार पडते, आणि मग आपल्याकडचा रूढ उपाय होतो : सोळाची काढून बत्तीसची बसवायची. तक्रार थांबते. आता जळायची पाळी वायरची असते. या एका बदलाला विद्युत नियमांच्या भाषेत मांडणीचं स्वरूप बदलणं म्हणतात, धंद्याच्या भाषेत "एमसीबी वीक होती, बदलून दिली" म्हणतात. पहिल्या वाक्याला परवाना लागतो, दुसऱ्याला स्क्रूड्रायव्हर.

अर्थिंगची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि तिथे जीव जातात ते बहुधा फिटरचे आणि घरातल्या माणसांचे सारखेच. आउटडोअर म्हणजे पत्र्याची पेटी, लोखंडी ब्रॅकेटवर, त्याच ग्रिलला धरून जिथे कपडे वाळतात आणि पावसाळ्यात पाणी ओघळतं. कंप्रेसरच्या वळणातून किंवा घासलेल्या केबलमधून फेज त्या पत्र्याला लागला तर काय होईल हे अर्थवर अवलंबून आहे. समजा अर्थ आहे, पण इमारतीच्या तळाशी असलेल्या खड्ड्यात गेल्या वीस वर्षांत कोणी पाणीसुद्धा ओतलेलं नाही आणि त्या वाटेचा विरोध वीस ओहम झाला आहे. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळाच्या एमसीबीला हा साधा लोड वाटतो, ती पडत नाही, आणि पेटी जिवंतच राहते. माणसाच्या छातीतून तीसेक मिलिअँपिअर काही क्षण गेले तरी ते घातक ठरू शकतात. म्हणूनच घरासाठीचा आरसीसीबी तीस मिलिअँपिअरला तुटणारा असतो. २०१० च्या विनियमांत गळतीप्रवाह तोडणाऱ्या या उपकरणाची सक्ती होती, पण पाच किलोवॅटखालच्या एकफेजी जोडणीला त्यातून सूट होती. त्या काळातले बहुतेक दोन खोल्यांचे फ्लॅट त्या सुटीत बसत. घरात दोन एसी आले, गिझर होताच, इंडक्शन आला, की प्रत्यक्ष ओढ पाचच्या पुढे जाते. महावितरणकडे मंजूर भार मात्र जुनाच नोंदलेला, आणि आरसीसीबीचा पत्ता नाही. यावर रस्त्यावरचा एक इलाजही आहे. अर्थ मिळत नसेल तर सॉकेटच्या मागे न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनला जोडायचा. टेस्टरला सगळं ठीक दिसतं. ज्या दिवशी वर कुठेतरी न्यूट्रल तुटतो, त्या दिवशी एसीचा पत्रा, फ्रिजचं दार, जे जे त्या पिनला जोडलेलं आहे ते सगळं एकदम फेजवर जातं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा देशभरातला आकडा दरवर्षी दहा हजारांच्या वर असतो. त्यात एसीचा वेगळा रकाना नाही, म्हणून त्या आकड्यावर मी एसीचं ओझं टाकत नाही. अर्थ नसलेलं घर हे त्या आकड्याचं एक कारण आहे, एवढंच म्हणतो.

मग फिटरला हे शिकवत नाहीत का? शिकवतात, पण तुकड्यांत. औंधच्या आयटीआयसारख्या संस्थांत वीजतंत्री, तारतंत्री आणि प्रशीतन व वातानुकूलन असे वेगवेगळे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम असतात. तिसऱ्यातही मूलभूत वीज आहे. मोटर, कपॅसिटर, रिले यांची ओळख आहे. पण त्याचं लक्ष यंत्राच्या आत, आणि तारतंत्र्याचं भिंतीच्या आत. दोघांच्या मधे सॉकेट उभं आहे, सरहद्दीवरच्या दगडासारखं. शिवाय मोसमात काम करणारे कितीतरी फिटर आयटीआयच्या दारातून कधी गेलेलेच नाहीत. ते कोणाच्या तरी हाताखाली हेल्पर होऊन शिकले. त्यांच्यापर्यंत जे प्रशिक्षण पोचलं ते गॅसच्या वाटेने. भारत १९९२ मध्ये मॉन्ट्रियल करारात सामील झाला, आर-२२ सारखे ओझोन खाणारे वायू टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले, आणि त्या कराराच्या निधीतून देशभर एसी तंत्रज्ञांचे वर्ग झाले : व्हॅक्यूम पंप लावा, गॅस हवेत सोडू नका, फ्लेअर नीट काढा. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. हे सगळं चांगलंच झालं, त्याने कामाचा दर्जा उंचावला. मात्र आपल्याकडे एसीवाल्याचं प्रमाणपत्र म्हटलं की गॅसचं प्रमाणपत्र असं समीकरण त्यातून रुजलं. ओझोनचं रक्षण करायला जग पैसे देतं. वारज्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सॉकेटचं रक्षण ज्याचं त्याने करायचं.

आणि आता गॅसनेच विजेला पुन्हा दारात आणून उभं केलं आहे. आर-२२ पेटत नसे. आज घरोघरी येणारा आर-३२ सौम्य ज्वलनशील गटात मोडतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागणाऱ्या शिरवळला गोदरेजचा कारखाना आहे, आणि त्या कंपनीने २०१२ पासून आर-२९० वर चालणारे एसी भारतात विकले. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. पर्यावरणाच्या दृष्टीने तो उत्तम, ठरलेल्या थोड्या प्रमाणात भरला आणि खोलीचा आकार पाळला तर सुरक्षितही. पण ज्वलनशील गॅसच्या मशीनशेजारी ठिणगी पडणारा सैल जोड ही जोडी कोणत्याच पुस्तकात चालत नाही. गॅसवाल्याला वीज कळली पाहिजे ही मागणी त्यामुळे हौसेची उरलेली नाही.

आता सर्वांत टोकदार आक्षेप, तो मी या धंद्यातल्याच लोकांकडून वारंवार ऐकतो आणि मला तो पूर्ण मान्य आहे. "सर्टिफिकेटं विकत मिळतात." नव्या वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. घर न पाहता सही झालेले टेस्ट रिपोर्ट ही आपल्याकडे गुपित राहिलेली गोष्ट नाही. कोणाचं तरी लायसन्स आणि कोणाचा तरी हात असे वेगवेगळे चालतात. उद्या एसीलाही प्रमाणपत्र सक्तीचं केलं तर त्याच दुकानांत आणखी एक फॉर्म भरला जाईल, एवढंच. म्हणूनच मी सहीऐवजी आकड्यांवर अडून बसतो. सही खरी की खोटी हे दुसऱ्याला तपासता येत नाही. आकडा तपासता येतो. पाचशे व्होल्टच्या मेगरवर फेज आणि अर्थ यांमधला इन्सुलेशन विरोध किती मेगओहम आला (विनियमांना किमान एक लागतो), अर्थच्या वाटेचा विरोध किती, आरसीसीबीचं चाचणी-बटण दाबल्यावर तो पडला का, वायर किती चौरस मिलिमीटरची, आणि एसी पूर्ण ओढीवर अर्धा तास चालल्यावर क्लॅम्प मीटरने किती अँपिअर दाखवले. एवढ्या चार-पाच नोंदी, तारखेसह. पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगला येणारा दुसरा कोणीही तेच मोजू शकतो, आणि खोटं लिहिलेलं असेल तर ते उघडं पडतं. खोट्या सहीला पकडायला निरीक्षक लागतो. खोट्या आकड्याला पकडायला दुसरा फिटर पुरतो.

"पण गरीब पोरांच्या पोटावर पाय येईल त्याचं काय?" उन्हाळ्याचे चार महिने हे काम, पुढे पाऊस लागला की डिलिव्हरी किंवा गावची शेती. अशा मुलाला दोन वर्षांचा तारतंत्रीचा अभ्यासक्रम कर म्हणणं म्हणजे त्याला हाकलणंच. यावर दुसऱ्या देशांनी काढलेला तोडगा आपल्या कामाचा आहे. ऑस्ट्रेलियात गॅस हाताळायचा परवाना देशपातळीवर आणि विजेचा राज्याकडून मिळतो. त्यात रेफ्रिजरेशनवाल्यांसाठी मर्यादित विद्युत परवाना आहे, बसवलेलं यंत्र सोडवणं आणि जोडणं एवढ्यापुरता. घरात नवं सर्किट ओढायची मुभा त्यात नाही. जपान कडक आहे, तिथे वायरिंगला हात लावायचा तर फिटरला दुसऱ्या वर्गाची विद्युतकामाची सनद काढावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून घरातलं नवं सर्किट हे कळवण्याजोगं काम मानलं जातं. जपानची वाट आपल्याला झेपणारी नाही. ऑस्ट्रेलियाची आहे, कारण वीज आपल्याकडेही समवर्ती सूचीतला विषय आहे आणि अनुज्ञप्त्या राज्यच देतं. राज्याच्या ऊर्जा विभागाने एक अरुंद परवाना काढावा : पॉइंटपासून पुढे एसीवाला, पॉइंटच्या मागे तारतंत्री, आणि दोघांच्या मधे तो आकड्यांचा कागद. असा परवाना थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणात देता येतो, पावसाळ्यात देता येतो, आणि तो हातात असलेल्या मुलाला चार पैसे जास्त मागता येतात. आज त्याला मेगर वापरायला सांगायला कोणी तयार नाही, कारण मेगर लावण्याचे पैसे कोणी देत नाही.

पैशाचा आक्षेप मात्र मला फारसा पटत नाही. तीस-चाळीस हजारांचं मशीन, वर तांब्याच्या पाइपच्या फुटाला घासाघीस करून मोजलेले पैसे, आणि वायरीच्या नावाने "आहे ती चालेल की". चारची वायर डीबीपासून बेडरूमपर्यंत ओढायला केसिंग-पट्टी दिसते, भिंतीचा रंग बिघडतो, हा खरा अडथळा. पैसा हे सभ्य कारण. कंपन्यांनी एक छोटा बदल केला तर हे आपोआप सुटेल. वॉरंटी कार्डावर बसवणाऱ्याची सही आणि तारीख असते. तिथेच वरच्या नोंदींसाठी चार रिकाम्या चौकटी छापायच्या, आणि त्या रिकाम्या असतील तर कंप्रेसरची वॉरंटी लागू नाही म्हणायचं. ग्राहक त्या दिवसापासून स्वतः विचारेल.

शेवटचा आक्षेप इन्स्पेक्टर-राजचा. घरात घुसून विद्युत निरीक्षकाने सॉकेट उघडून पाहावं, असं कोणीच म्हणत नाही. तेवढी माणसं त्या खात्याकडे नाहीत आणि असू नयेत. तरीही एक विसंगती बोचते. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतीची वीजमांडणी सुरू करण्याआधी निरीक्षकाला दाखवावी लागते. लिफ्टसाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, आधी १९३९ चा आणि आता २०१७ चा. लिफ्टची तपासणी होते, तिचा कागद सोसायटीच्या फाइलीत असतो. त्या लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेलेला फिटर ज्या ग्रिलवर ओणवा होऊन पेटी टांगतो, तिच्यामागच्या तारेचा कागद कुठेच नसतो. सोसायट्यांना यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. आउटडोअर कुठल्या भिंतीवर लावायचा यासाठी बहुतेक सोसायट्या आजही परवानगीचा अर्ज घेतात, दर्शनी भागाचं रूप बिघडू नये म्हणून. त्याच अर्जाला मोजमापाचं पान जोडायला लावता येईल, आणि त्याची एक प्रत डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवता येईल. पुढच्या मार्चमध्ये फोनवर "पॉइंट आहे ना?" असं विचारलं गेलं, की घरातल्या माणसाने झाकण उघडायचं आणि चार आकडे वाचून दाखवायचे.